घुंगरू बांधताना



डिसेंबर लागला की आमच्या गावठाणात घराघरांत एकच घाई सुरू होते. शाळेचं गॅदरिंग जवळ आलेलं असतं. कुणाच्या मुलीला गजरा हवा, कुणाच्या मुलाला कोळ्याचा रुमाल हवा. पोळ्या लाटता लाटता आम्ही मोबाइलवर गाणं लावतो, आणि पोर ओट्याशेजारी पावलं मोजत असते. आम्ही नवी मुंबईतल्या बाया आहोत, पण गावच्याच. आमच्या भोवती शहर उभं राहिलं, गाव मात्र होतं तिथेच आहे.

आज पोरीला नाचासाठी तयार करण्याबद्दल बोलू या. काम तासाभराचं असलं तरी त्याच्या मागचा इतिहास फार लांबचा आहे. तो आपल्या घरातल्या बायकांचाच आहे, म्हणून तो आपल्याला माहीत हवा.

सुरुवात लुगड्यापासून करू. मागच्या वर्षी आमच्यातल्या एकीच्या मुलीचा कोळीनाच होता. भाड्याने कपडे आणले. शिवलेलं, कमरेला रबर लावलेलं लुगडं, चमकीचा काठ, प्लास्टिकची वेणी. घालून पोर आजीसमोर उभी राहिली. आजीने वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "ही कंची कोलीन? चिखलान उतरली त लुगरा पायान येल." मग तिने पेटीतलं आपलं जुनं लुगडं काढलं आणि नातीला नेसवायला घेतलं. गुडघ्यापर्यंत आवळून, मागे घट्ट कासोटा खोचून, वरून फडकी. पोर म्हणाली, "आजी, यात तर पळतासुद्धा येतं!" आजी म्हणाली, "पलायलाच होता तो."

त्या एका वाक्यात सगळा इतिहास आला. कोळणीचं आणि आगरी बाईचं लुगडं गुडघ्यापर्यंत का, तर तिचं काम गुडघाभर चिखलात होतं. होडी लागली की मासळी उतरवायची, खाजणात शिवल्या वेचायच्या, मिठागरात राबायचं, भाताची लावणी करायची, डोक्यावर पाटी घेऊन बाजार गाठायचा. रंगमंचावर आज जो पोशाख दिसतो, तो आपल्या आज्यांचा कामावरचा पोशाख आहे. कोळीनाचातल्या हातांच्या हालचाली पाहा. कुणी वल्हं मारतं, कुणी जाळं ओढतं. तेही कामच आहे, तालावर आणलेलं.

ते काम कुठे गेलं? १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरवली गेली. १९७३ मध्ये खाडीवर वाशीचा पूल झाला. भातखाचरं आणि मिठागरं एकेक करून भरावाखाली गेली. जमिनीला मिळणारा मोबदला अगदी तुटपुंजा होता. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. म्हणजे ज्या मैदानावर आज गॅदरिंगचा मांडव पडतो, तिथे कदाचित कुणाच्या आजीने भात लावलेला असेल. पोरीला लुगडं नेसवताना हे दोन शब्दांत तरी सांगावं. मग ती नुसती कंबर हलवणार नाही, वल्हं ओढल्यासारखं ओढेल.

आता रंगमंचाकडे येऊ. वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृह आहे. आमच्या पोरी तिथे नाच पाहायला जातात, एखादीला नाचायलाही मिळतं. हे विष्णुदास भावे सांगलीचे. १८४३ मध्ये त्यांनी 'सीतास्वयंवर' हे नाटक केलं आणि मराठी रंगभूमीची सुरुवात तिथून धरतात. त्या काळी सीतेचं काम बाई करत नसे, मुलगा किंवा पुरुष साडी नेसून उभा राहायचा. पुढे बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका अशा गाजवल्या, की त्यांच्यासारखी साडी नेसायची, त्यांच्यासारखा गजरा माळायचा अशी बायकांत हौस आली असं सांगतात. गंमत बघा, बाईने कसं नटावं हे पुरुषाला पाहून शिकायचं, पण बाईने स्वतः मंचावर जायचं नाही! १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक केलं, त्यात ज्योत्स्ना भोळे यांनी काम केलं. घरंदाज म्हणवणाऱ्या घरांतल्या बायकांना मंचाचं दार उघडलं, त्यातली ही एक ठळक खूण.

मग त्याआधी बाई नाचतच नव्हती का? नाचत होती की! गौरीच्या जागराला झिम्मा-फुगडी होती. लग्नात धवलारीण धवले म्हणायची आणि हळदीला बाया ताल धरायच्या. नारळी पौर्णिमेला खाडीवर नारळ वाहायला जाताना अख्खा कोळीवाडा नाचायचा, आजही नाचतो. पण तो नाच आपल्या माणसांत होता. त्याला तिकीट नव्हतं आणि नावं ठेवणाराही कुणी नव्हता.

तिकीट घेऊन लोकांसमोर नाचणारी बाई वेगळी मानली गेली. ती बहुतेक वेळा खालच्या समजल्या गेलेल्या जातींतली असायची. तिची लावणी सगळ्यांना हवी होती, पण तिला घरात घ्यायला कुणी तयार नव्हतं. विठाबाई नारायणगावकरांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १९३५ मध्ये पंढरपुरात जन्मल्या, वडिलांच्या तमाशाच्या फडातच वाढल्या. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचल्या, मध्येच पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा पुढे आल्या, ही हकिकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. ऐकताना आपण त्यांच्या हिमतीला हात जोडतो. पण एक प्रश्नही विचारायला हवा. त्या रात्री 'आज नाचू नको, बस जरा' असं म्हणणारं त्यांच्याजवळ कुणीच कसं नव्हतं? पुढे त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. आज राज्य सरकार तमाशा कलावंतांना त्यांच्या नावाने पुरस्कार देतं. मान मिळाला खरा, पण म्हातारपण त्यांनी हलाखीतच काढलं.

आता याच महाराष्ट्रातली दुसरी मुलगी पाहा. दमयंती जोशी, जन्म १९२८, मुंबईचा. मॅडम मेनका या त्या काळच्या नावाजलेल्या कथक नर्तकी. त्यांचं स्वतःचं मूल गेलं होतं. दमयंतीला दत्तक घ्यावं असं त्यांच्या मनात होतं. दमयंतीची आई वत्सलाबाई यांनी मुलगी देऊन टाकायला नकार दिला. तडजोड अशी झाली, की दोघींनी मिळून तिला वाढवायचं. मेनकांनी नाच शिकवला, शाळेकडेही लक्ष दिलं. दमयंती लहान वयातच मेनकांच्या मंडळींबरोबर युरोपात नाचायला गेली, तेव्हा वत्सलाबाई तिच्यासोबत होत्या. पुढे १९७० मध्ये दमयंती जोशींना पद्मश्री मिळाली. १९४७ मध्ये पुण्यात रोहिणी भाटे यांनी नृत्यभारती ही संस्था काढली आणि किती तरी साध्या घरांतल्या मुलींच्या पायात घुंगरू आले.

घुंगरू विठाबाईंच्या पायातले आणि दमयंतीच्या पायातले सारखेच. मेहनतही तेवढीच. फरक होता तो जातीचा, पैशाचा, आणि सोबत कोण उभं आहे याचा. मैत्रिणींनो, जात आणि पैसा एका दिवसात आपल्याने बदलणार नाही. पण सोबत उभं राहणं आजच्या आज आपल्या हातात आहे.

हे आम्ही का सांगतोय? कारण पोर पहिली-दुसरीत असते तोवर तिच्या नाचाचं सगळ्यांना कौतुक असतं. सातवी-आठवीत गेली की सूर बदलतो. "आता मोठी झाली, पुरे झालं नाचणं." आमच्या गटातल्या एका घरात हेच झालं. पोर रडली नाही, काही बोलली नाही. तिने सरावाला जाणं बंद केलं, एवढंच. आईला घरात एकटीने बोलायचं धाडस होईना. मग आम्ही चौघी तिच्या घरी चहाला गेलो. भांडलो नाही. तिच्या आजोबांना विचारलं, "बाबा, नारळी पौर्णिमेला आजी नाचायची, तेव्हा तुम्ही काय करायचा?" ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मी ढोल वाजवायचो." पोर त्या वर्षी नाचली. आजोबा पहिल्या रांगेत होते. गॅदरिंग झाल्यावर एक शब्द बोलले नाहीत, पण परत येताना तिचे घुंगरू त्यांच्या हातात होते.

आता थोडं कामाचं बोलू. लुगडं शिवलेलं असो की नेसलेलं, ते अंगावर घालून पोरीला एकदा पूर्ण नाच करायला लावा. कासोटा सुटतो तो नेहमी तिसऱ्या गिरकीला, आणि ते मंचावर कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. नाचाआधी दोनेक तास साधं खाणं द्या. उपाशी पोर घेरी येऊन पडते, पोट भरलेली धापा टाकते. घुंगरू थेट कातडीवर आवळू नका, खाली मऊ पट्टी घ्या. चेहऱ्याला रंग लावायचा असेल तर आधी हातावर थोडा लावून पाहा, पुरळ येत नाही ना ते कळतं. आणि रंग लावून पोर गोरी करायच्या भानगडीत पडू नका. उन्हात मासळी विकणारी कोळीण सावळीच होती आणि सुंदर होती. पिशवीत सुई-दोरा, सेफ्टी पिना, पाणी आणि पाळीच्या वयाची मुलगी असेल तर पॅड असू द्या.

शेवटी एक. मंचावर जाताना "चुकू नको हं" असं म्हणू नका. पोर तेवढंच डोक्यात धरते. "आम्ही इथेच आहोत" म्हणा. वत्सलाबाईंनी लेकीला परदेशात दिली ती सोबत हीच होती.

या आठवड्यात तुमच्या गटाच्या बैठकीत एक करा. प्रत्येकीने सांगायचं, लहानपणी आपण शेवटचं कधी नाचलो आणि कुणी थांबवलं. आम्ही केलं, तेव्हा अर्ध्या जणी हसल्या आणि अर्ध्या जणींनी डोळे पुसले. मग एकीने ताल धरला. साठीच्या बाया उठल्या, पदर खोचला आणि फेर धरला. पोरी दारातून बघत होत्या.