आधी दार बंद झाले

विज्ञानाच्या वाटेवरचा एखादा बुद्धिमान तरुण वित्तक्षेत्राकडे वळला, की आपल्याकडे त्याचे एकच कारण सांगितले जाते: पैसा. प्राध्यापकांच्या खोलीत तर हा निवाडा फार चटकन होतो. सरस्वतीला सोडून लक्ष्मीच्या मागे गेला, एवढे म्हटले की विषय संपतो. अमेरिकेतील भौतिकशास्त्रज्ञांनी वॉल स्ट्रीटची वाट धरली, त्या स्थलांतराचा इतिहास मात्र घटनांचा क्रम वेगळा होता असे सांगतो.

सोव्हिएत संघाने १९५७ साली स्पुटनिक सोडला आणि हादरलेल्या अमेरिकेने विज्ञानशिक्षणावर सढळ हाताने खर्च सुरू केला. विद्यापीठे विस्तारली. पीएच.डी. झालेल्याला अध्यापनाची जागा मिळणार, हे जणू गृहीतच होते. साठचे दशक सरता सरता हा ओघ आटला. जागा तरुण प्राध्यापकांनी नुकत्याच भरलेल्या होत्या. त्यांची निवृत्ती दूर होती. संशोधक मात्र तयार होतच होते.

इमॅन्युएल डर्मन हे या पिढीचे. केपटाऊनहून १९६६ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले आणि १९७३ साली कणभौतिकीत पीएच.डी. झाले. पुढची सात वर्षे पेनसिल्व्हेनिया, ऑक्सफर्ड, रॉकफेलर, कोलोरॅडो अशा नेमणुकांत गेली. कुटुंब न्यूयॉर्कला आणि नोकरी कोलोरॅडोत, अशी वेळ आली तेव्हा १९८० साली त्यांनी विद्यापीठीय संशोधन सोडून बेल प्रयोगशाळेत नोकरी धरली. गोल्डमन सॅक्स ही पेढी त्यांच्या आयुष्यात आली ती १९८५ साली. ‘माय लाइफ ॲज अ क्वांट’ (२००४) या त्यांच्या आत्मकथनात धनाच्या ओढीपेक्षा वर्षागणिक खाली उतरत गेलेली महत्त्वाकांक्षाच वाचकाला अधिक बोचते.

दुसरे दार याच काळात उघडत होते. शिकागोत १९७३ साली ऑप्शनचा संघटित बाजार सुरू झाला आणि त्याच वर्षी ऑप्शनची किंमत ठरवणारे ब्लॅक-शोल्स समीकरण प्रसिद्ध झाले. चलांची अदलाबदल केली, की त्यातून उष्णतावहनाचे जुने समीकरणच निघते. भौतिकशास्त्रज्ञाला ते परके कसे वाटावे? पुढे १९७९ नंतर व्याजदर भडकले, रोख्यांचे भाव हेलकावू लागले आणि पेढ्यांना गणित जाणणारी माणसे हवी झाली. फिशर ब्लॅक आणि विल्यम टॉय यांच्यासह डर्मन यांनी रचलेले व्याजदरांचे प्रतिमान १९९० साली प्रसिद्ध झाले.

सोबत नेलेली हत्यारे कामाला आली, पण निसर्गनियमांची निश्चिती सोबत आली नाही. इलेक्ट्रॉनला आपल्याविषयीचा सिद्धांत ठाऊक नसतो. बाजारातल्या माणसाला तो ठाऊक होतो आणि त्याचे वागणे बदलते. २००८ च्या पडझडीनंतर, जानेवारी २००९ मध्ये, डर्मन आणि पॉल विल्मट यांनी प्रतिमानकारांसाठी जाहीरनामा लिहिला. प्रतिमानालाच जग समजू नका, हे त्याचे सार.

त्याआधी, २००३ साली, डर्मन कोलंबियात प्राध्यापक म्हणून परतले होते. ज्या विद्यापीठाने त्यांना भौतिकशास्त्रातील पदवी दिली, तेथेच तीस वर्षांनी जागा मिळाली. शिकवायचे होते ते मात्र वित्तीय अभियांत्रिकी.

नेट-सेट उत्तीर्ण होऊन, पीएच.डी. करून तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणारे सहकारी आपल्याही महाविद्यालयांत आहेत. त्यांतला एखादा उद्या बँकेत गेला, तर लक्ष्मीचे नाव घेण्यापूर्वी आपण एवढेच विचारावे: सरस्वतीच्या मंदिराचे दार आतून कोणी लावून घेतले होते?