मालमोटारीची साक्ष

दुसऱ्या महायुद्धाचे इतिहास सेनापतींच्या नावांनी आणि लढायांच्या तारखांनी भरलेले आहेत. त्या लढायांना पीठ, पाणी, पेट्रोल आणि दारूगोळा पोचविणाऱ्या मालमोटारींची आठवण त्यांत क्वचितच निघते. यांपैकी काही गाड्या अद्याप शिल्लक आहेत. शेताच्या कडेला गंजत पडलेला एखादा सांगाडा कोणी हौशी मनुष्य विकत घेतो, कित्येक वर्षे त्यावर खपतो आणि एके दिवशी त्याचे इंजिन पुन्हा धडधडू लागते. मग पाहणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो : ही गाडी युद्धात कोठे होती? या प्रश्नाचे खरे उत्तर मिळविणे हे गाडी दुरुस्त करण्याहूनही अवघड काम आहे.

कॅनडात तयार झालेल्या लष्करी मालमोटारींचे उदाहरण घ्यावे. ब्रिटिश सैन्याच्या गरजा लक्षात घेऊन विंडसर येथे फोर्ड कंपनीने आणि ओशावा येथे जनरल मोटर्सने त्या बनविल्या. युद्धकाळात कॅनडाने 8 लाखांहून अधिक लष्करी वाहने तयार केली; त्यांत या आखूड नाकाच्या गाड्यांचा वाटा सुमारे निम्मा होता. नंतरच्या नमुन्यात पुढची काच वरच्या बाजूने किंचित पुढे झुकवलेली असे. तिच्यावर चमकणारे ऊन शत्रूच्या विमानातून दिसू नये, हा त्यातील हेतू होता. पुष्कळशा गाड्या सुट्या भागांच्या रूपाने पेट्यांत भरून परदेशी जात आणि तेथे जोडल्या जात. भारतातही फोर्डच्या अशा सांगाड्यांवर पोलादी कवच चढवून चिलखती गाड्या बनल्या; त्या ‘टाटानगर’ या नावाने ओळखल्या जात.

अशा गाडीच्या पूर्वायुष्याचा माग काढणारा संशोधक प्रथम तिच्या अंगावरील क्रमांक वाचतो. सांगाड्यावर कोरलेला क्रमांक आणि चालकाच्या कक्षातील धातूची पट्टी यांवरून कारखाना, नमुना व साधारण काळ समजतो. इंजिनावरचा क्रमांक मात्र फसवा असतो, कारण रणभूमीमागील कार्यशाळांत एका गाडीचे इंजिन दुसरीत सहज बसविले जाई.

त्यानंतर रंगाची पाळी येते. येथे घाई करणारा सर्वस्व गमावतो. बारीक कागदाने रंग हळूहळू घासत गेले असता थरामागून थर उघडे पडतात. वर युद्धोत्तर काळातील एखाद्या लाकडाच्या व्यापाऱ्याचा निळा रंग असावा, त्याखाली 1944 पासून रूढ झालेला ऑलिव्ह, त्याखाली तपकिरी, आणि क्वचित वाळवंटातील वाळूचा रंगही सापडावा. याच थरांत लष्करी क्रमांक दडलेला असतो. ब्रिटिश पद्धतीत 3 टनी लॉरीच्या क्रमांकाआधी ‘एल’ आणि 15 हंड्रेडवेटच्या, म्हणजे सुमारे 760 किलो भार वाहणाऱ्या, ट्रकच्या क्रमांकाआधी ‘झेड’ हे अक्षर असे. कॅनडाच्या सैन्यातील गाडीवर त्याच्याही आधी ‘सी’ येई. पिवळ्या वर्तुळातील आकडा पुलावरील भाराचा वर्ग सांगे. तिरप्या रेषेने विभागलेला तांबडा-हिरवा चौकोन पुरवठा दलाचा, तर काळ्या पार्श्वभूमीवरील तांबडे वर्तुळ पाचव्या भारतीय डिव्हिजनचे.

तथापि चिन्ह सापडले म्हणजे चरित्र सापडले असे नव्हे. प्रत्येक तुकडीची युद्धदैनंदिनी असे, आणि अशा अनेक दैनंदिन्या लंडनजवळील क्यू येथील अभिलेखागारात पाहावयास मिळतात. मुक्काम कोठे पडला, किती माल वाहिला, कोण जखमी झाले हे त्यांत लिहिलेले असते; अमुक क्रमांकाची गाडी त्या दिवशी कोठे होती हे क्वचितच. शिवाय युद्धानंतर नॉर्वे, नेदरलँड्स इत्यादी देशांच्या सैन्यांनी या गाड्या वापरल्या, दुरुस्त केल्या, पुन्हा रंगविल्या. एका गाडीचा कक्ष दुसरीच्या सांगाड्यावर बसला. अशा वेळी एकाच गाडीत दोन गाड्यांचा इतिहास नांदत असतो.

येथेच मोह उत्पन्न होतो. नव्याने रंगविलेल्या गाडीवर एखाद्या विख्यात डिव्हिजनचे चिन्ह काढले की प्रदर्शनात गर्दी जमते. परंतु त्याने कोणावर अन्याय होतो याचा विचार करावा. 1944 च्या मार्चअखेरीस कोहिमा-इंफाळ रस्ता जपान्यांनी तोडला. 22 जून रोजी 109 व्या मैलाच्या दगडापाशी दोन्हीकडील फौजा भेटल्या आणि तो पुन्हा खुला झाला. त्या चिखलाच्या, दरडींच्या रस्त्यावर माल नेणाऱ्या चालकांत असंख्य भारतीय होते. त्यांतल्या बहुतेकांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. जी गाडी तेथे गेलीच नाही तिच्यावर त्यांचे चिन्ह रंगविणे म्हणजे त्यांच्या श्रमाची उरलीसुरली खूणही दुसऱ्याला देऊन टाकणे होय.

म्हणून जाणता दुरुस्तीकार गाडीच्या एखाद्या कोपऱ्यात जुन्या रंगाचा वीतभर तुकडा न खरवडता तसाच राखतो, आणि खरवडण्यापूर्वी प्रत्येक थराचे छायाचित्र घेतो. गाडीसमोरील फलकावर तो कारखाना लिहितो, नमुना लिहितो, सिद्ध झालेला क्रमांक लिहितो. उरलेली जागा तो कोरी ठेवतो. पुढे कोणाच्या घरच्या जुन्या पेटीत त्याच क्रमांकाच्या गाडीशेजारी उभ्या असलेल्या चालकाचे छायाचित्र निघाले, तर त्याचे नाव लिहिण्यास ती जागा मोकळी असते.