पाच रिकामे खाने : पेंटियमच्या भागाकाराची कागदपत्रे

३० नोव्हेंबर १९९४ या तारखेचा इंटेल कंपनीचा एक अहवाल आहे. पेंटियम प्रोसेसरमध्ये भागाकाराचा जो दोष सापडला होता, त्याचे संख्याशास्त्रीय विश्लेषण त्यात केले आहे. लेखक दोन : एच. पी. शारंगपाणी आणि एम. एल. बार्टन. चिपच्या इतिहासातल्या सर्वांत गाजलेल्या दोषाच्या मूळ कागदावर मराठी कानाला इतके ओळखीचे आडनाव पहिले यावे, याची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही. ज्या गटाने ती चिप घडवली त्याचे प्रमुख विनोद धाम यांचा जन्मही पुण्याचा, १९५० सालचा. फाळणीत रावळपिंडी सोडून आलेले त्यांचे कुटुंब. म्हणजे हे प्रकरण कॅलिफोर्नियात घडले असले तरी आपल्याला परके नाही.

या प्रकरणाच्या दोन बखरी रूढ आहेत. इंटेलवाले सांगतात की एका गणिताच्या प्राध्यापकाने राईचा पर्वत केला. प्रतिस्पर्धी चिप-कंपनी एएमडीचे पाठीराखे सांगतात की कंपनीने बिघडलेला माल जाणूनबुजून लोकांच्या गळ्यात मारला. इतिहासकार राजवाड्यांनी आपल्याला बखरीपेक्षा अस्सल पत्रावर विश्वास ठेवायला शिकवले. तीच शिस्त इथे लावली, कागद तारखांनुसार ओळीने मांडले, तर दोन्ही बखरी जागोजाग फाटतात.

पहिला कागद ३० ऑक्टोबर १९९४ चा, व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांचे ई-मेल पत्र. नाइसली जुळ्या मूळसंख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. ११ आणि १३, १७ आणि १९ अशा दोनाच्या अंतरावरच्या जोड्या घ्यायच्या, त्यांतल्या प्रत्येक संख्येचा व्यस्तांक काढायचा आणि मिळवत जायचे. हे काम अनेक संगणकांवर चालू होते. १९९४ च्या मार्चमध्ये त्यांत पेंटियमची भर पडली. जूनमध्ये उत्तरे जुळेनाशी झाली. आधी संशय कंपायलरवर गेला, मग मदरबोर्डवर. एकेक कारण बाद करत ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात ते प्रोसेसरपाशी येऊन ठेपले. ८२४६३३७०२४४१ या संख्येचा व्यस्तांक काढून त्याच संख्येने पुन्हा गुणले तर उत्तर १ यायला हवे. पेंटियमवर ०.९९९९९९९९६२७ च्या आसपास आले. इंटेलच्याच जुन्या ४८६ प्रोसेसरवर बरोबर आले. २४ ऑक्टोबरला त्यांनी इंटेलकडे चौकशी केली, समाधान झाले नाही, तेव्हा काही परिचितांना पत्र लिहून त्यांच्या यंत्रांवर पडताळून पाहायला सांगितले. पत्राचा सूर मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यात आरोप नाही. काय केले, काय दिसले, कुठल्या यंत्रावर दिसले नाही, एवढेच आहे. पर्वत करणाऱ्या माणसाचे ते पत्र नव्हे.

ते पत्र हातोहात फिरले. नोव्हेंबरच्या मध्यात व्हिटेस कंपनीतले अभियंते टिम को यांच्यापर्यंत चुकीच्या उत्तरांची काही उदाहरणे पोचली. ते स्वतः भागाकाराची सर्किटे आखणारे. तेवढ्या उदाहरणांवरून आत कुठली रीत चालत असेल आणि ती कुठे अडखळत असेल, हे त्यांनी ताडले आणि सर्वांत ठळक चूक देणारी जोडी शोधून काढली : ४१९५८३५ भागिले ३१४५७२७.

केज तालुक्यातल्या नांदूरघाटला बसून हे लिहिताना माझ्यासमोर पेंटियम नाही, पण या पुराव्याला यंत्र लागतही नाही. वही घ्यावी आणि शाळेतला दीर्घ भागाकार मांडावा. एकदा भाग जातो, बाकी १०५०१०८. शून्य उतरवले, तीनदा, बाकी १०६३८९९. पुन्हा तीनदा, बाकी १२०१८०९. पुन्हा तीनदा, बाकी २५८०९०९. आता आठदा. उत्तर १.३३३८ पर्यंत आले. पुढे २, ०, ४. पेंटियमचे उत्तर होते १.३३३७३९०. चूक पंधराव्या-सोळाव्या स्थळी दडलेली नव्हती, दशांश चिन्हानंतर चौथ्याच अंकाला होती. त्याच उत्तराला पुन्हा भाजकाने गुणून भाज्यातून वजा केले तर शून्य उरायला हवे. पेंटियमवर २५६ उरत.

आपण हाताने भागाकार करतो तेव्हा दर पायरीला मनात अंदाज बांधतो, भाग किती वेळा जाईल याचा. पेंटियमलाही तो अंदाज बांधावा लागे, फक्त तो मनात बांधण्याऐवजी कोष्टकात पाही. भाजकाचे सुरुवातीचे काही बिट आणि उरलेल्या बाकीचे सुरुवातीचे काही बिट घ्यायचे, कोष्टकातल्या त्या खान्यात उणे दोन ते अधिक दोन यांपैकी जो अंक असेल तो उचलायचा. ४८६ एका पायरीत एक बिट काढी, ही नवी रीत दोन काढे. वेग तिथून आला. कोष्टकात २०४८ खाने, त्यांतले १०६६ वापरात. त्यांपैकी पाच खान्यांत २ हवा होता, तिथे शून्य होते. भाजक काही ठरावीक ठेवणीचा असेल तरच गणित त्या खान्यांपर्यंत पोचे. ३१४५७२७ ही संख्या द्विमान पद्धतीत लिहिली तर १०, आणि पुढे सलग वीस वेळा १. अगदी त्या ठेवणीतली.

आता शारंगपाणी-बार्टन अहवाल. त्यातले गणित पक्के आहे, आणि दोष कुठे व का उद्भवतो हे त्यात उघडपणे मांडले आहे. एका कंपनीने आपल्याच मालाचे इतके तपशीलवार विच्छेदन छापावे, ही त्या काळात मोठी गोष्ट होती. पण निष्कर्षाच्या आधी गृहीतके वाचली पाहिजेत. संख्या कुठूनही, समान शक्यतेने येतात असे धरले तर सुमारे ९ अब्ज भागाकारांत एक चुकतो. स्प्रेडशीट वापरणारा माणूस दिवसाला हजारेक भागाकार करतो असे धरले तर त्याच्या वाट्याला अशी चूक २७,००० वर्षांत एकदा येते. वर्तमानपत्रांत गाजला तो हाच आकडा.

१२ डिसेंबरला आयबीएमने पेंटियमचे संगणक पाठवणे थांबवले आणि आपला हिशेब जाहीर केला : २४ दिवसांत एकदा. सत्तावीस हजार वर्षे कुठे आणि चोवीस दिवस कुठे! दोघांनी एकाच दोषाबद्दल लिहिले होते. आयबीएमने दिवसाला सुमारे ४२ लाख भागाकार धरले आणि चुकीची शक्यता १० कोटींत एक धरली, कारण व्यवहारातल्या संख्या कुठूनही येत नाहीत, पूर्णांकांच्या आसपास गर्दी करतात. या मुद्द्यात तथ्य होते. स्टॅनफर्डचे व्हॉन प्रॅट यांनी पुढे दाखवले की पूर्णांकाला किंचित कमी पडणाऱ्या संख्यांत हा दोष फार वेळा उमटतो. ४.९९९९९९ भागिले १४.९९९९९९ केले की ०.३३३३३३ ऐवजी ०.३३३३२९ येई. मात्र आयबीएमचा कागदही निःस्वार्थी हातातून आलेला नव्हता. ॲपल आणि मोटोरोला यांच्याबरोबर ते तेव्हा पेंटियमला स्पर्धक असलेली पॉवरपीसी चिप काढत होते. दोन्ही आकडे ज्याच्या त्याच्या सोयीच्या टोकाला झुकलेले आहेत, आणि कुणाच्याही टेबलावरचे खरे उत्तर तो माणूस कसले भागाकार करतो यावर अवलंबून होते.

माझ्या मते इंटेलचा खरा गुन्हा दोष हाताळण्याच्या रीतीत आहे, पाच खान्यांत नाही. हा दोष कंपनीच्या स्वतःच्या चाचण्यांत १९९४ च्या मध्यावरच सापडला होता. पुढच्या आवृत्तीत दुरुस्तीही ठरली होती. पण ग्राहकांना कळवले नाही, आणि उघड झाल्यावर म्हटले की ज्याला खरोखर गरज असेल त्यालाच चिप बदलून देऊ. ती गरज ठरवणार कंपनी. खगोलशास्त्रज्ञाला द्यायची, हिशेबनिसाला नाही. पैसे मोजून आणलेल्या यंत्रावर कुठले गणित महत्त्वाचे, हे विकणाऱ्याने ठरवावे ही गोष्ट लोकांना झोंबली, आणि झोंबायलाच हवी होती. २० डिसेंबरला माफी आली : मागेल त्याला, काही न विचारता, चिप बदलून मिळेल. माफीच्या जाहिरातीखाली कंपनीचे वरिष्ठ अँडी ग्रोव्ह, क्रेग बॅरेट आणि गॉर्डन मूर यांची नावे होती. १७ जानेवारी १९९५ ला कंपनीने हिशेबात ४७.५ कोटी डॉलरचा बोजा दाखवला, तेव्हाच्या दराने सुमारे १,५०० कोटी रुपये.

कागदांचा इतिहास इथे थांबला असता, पण एक साधन तीस वर्षे कुणी वाचले नव्हते. ते म्हणजे खुद्द चिप. अहवालात दोषाचे कारण असे दिले होते की कोष्टक बरोबर होते, ते सर्किटमध्ये उतरवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये चूक झाल्याने पाच नोंदी गळाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये केन शिरिफ या अमेरिकन अभ्यासकाने जुनी पेंटियम उघडून सूक्ष्मदर्शकाखाली तिची छायाचित्रे घेतली आणि कोष्टकाचे ट्रान्झिस्टर एकेक करून वाचले. गळालेल्या नोंदी पाच नव्हे, सोळा निघाल्या. त्यांतल्या अकरा खान्यांपर्यंत कुठलाही भागाकार पोचत नाही, म्हणून त्या बाहेर कधी दिसल्या नाहीत. सगळ्या रिकाम्या जागा कोष्टकाच्या वरच्या सीमेलगत आहेत. यावरून त्याचे मत असे की हे स्क्रिप्टचे गळणे नसावे. सीमा ठरवणारे गणितच मुळात चुकले असावे. दुरुस्त चिपही त्याने पाहिली. तिथे इंटेलने पाच खाने भरून काम भागवले नव्हते. वापरात नसलेल्या सगळ्या जागी सरसकट २ घातला होता, म्हणजे सीमेचा प्रश्नच उरला नाही. अस्सल ताम्रपट हाती आल्यावर दरबारी कागद पुन्हा तपासावा लागतो, तसे हे झाले.

पेंटियमच्या आसपासच्या काळात पुण्यात काय होते? १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला, तो ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिपांवर. त्या घराण्यातल्या टी-८०० चिपच्या अपूर्णांक-गणिताच्या भागाची आखणी ऑक्सफर्डच्या गणितज्ञांच्या मदतीने तर्कशुद्ध सिद्धता देऊन तपासली गेली होती, आणि त्या कामाला १९९० मध्ये ब्रिटनच्या राणीच्या नावाचा तंत्रज्ञान पुरस्कार मिळाला. म्हणजे चाचण्यांवर विसंबून न राहता गणिती सिद्धतेने चिप तपासता येते, हे पेंटियम बाजारात येण्याआधीच सिद्ध झाले होते. धडा घेतला तो मात्र ठेच लागल्यावरच, आणि प्रतिस्पर्ध्यानेही घेतला. एएमडीने आपल्या के-५ चिपच्या भागाकाराची यंत्राने तपासलेली सिद्धता १९९५ मध्ये मूर (इंटेलचे गॉर्डन मूर नव्हेत), लिंच आणि कॉफमन यांच्याकडून करून घेतली.

विनोद धाम १९९५ मध्ये इंटेल सोडून नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले. त्याच वर्षी एएमडीने नेक्सजेन विकत घ्यायचे ठरवले, आणि नेक्सजेनच्या आखणीवरून एएमडीची के-६ चिप तयार झाली. एप्रिल १९९७ मध्ये ती बाजारात आली, तीही पेंटियमच्याच सॉकेटमध्ये बसणारी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असेंबल्ड संगणक घेणाऱ्याला तोच मदरबोर्ड ठेवून दुसऱ्या कंपनीची स्वस्त चिप घालणे शक्य झाले. 'इंटेलच घ्या, एएमडी गरम होतो' आणि 'नावाचे पैसे कशाला देता' हे दोन पक्ष आपल्याकडे त्यानंतर घट्ट झाले. ज्याच्या नावावर पेंटियम लागते, त्याच माणसाचा हात के-६ च्या जन्मालाही लागला, हे या भांडणात कुणी फारसे आठवत नाही. २०२५ मध्ये धाम यांना पद्मभूषण मिळाला.

दोष दोन्ही घरांत निघत राहिले. नोव्हेंबर १९९७ मध्ये पेंटियमला जागच्या जागी गोठवणारी एक आज्ञा सापडली. दहा वर्षांनी, नोव्हेंबर २००७ मध्ये, एएमडीची चार गाभ्यांची फिनॉम चिप बाजारात आली ती दोष घेऊनच. मेमरीचे पत्ते जपून ठेवणारा टीएलबी नावाचा भाग विशिष्ट परिस्थितीत गोंधळे आणि यंत्र बंद पडू शके. एएमडीच्या कागदांत त्याचा क्रमांक २९८. बायोसमधून उपाय दिला, पण त्याने वेग दहा टक्क्यांच्या आसपास आणि काही कामांत त्याहून जास्त घटे. मार्च २००८ मध्ये दुरुस्त आवृत्ती आली. तिच्या मॉडेलचा आकडा ५० ने संपे, ९७५०, ९८५० असा, आणि जाणकार दुकानात तेवढे पाहून चिप निवडत. १९९४ मध्ये इंटेलवर तुटून पडलेल्यांपैकी काहींनी या वेळी 'घरगुती वापरात असे कधी होत नाही' हा इंटेलचाच जुना युक्तिवाद उचलला.

आज दोन्ही कंपन्या प्रत्येक चिपच्या ज्ञात दोषांची यादी प्रसिद्ध करतात. इंटेलच्या आणि एएमडीच्या याद्यांची नावे वेगळी, साचा जवळजवळ एकच : दोष काय, परिणाम काय, तोडगा काय. शेवटी दुरुस्तीची स्थिती दिलेली असते, आणि बऱ्याच दोषांपुढे तिथे दुरुस्तीचा विचार नाही असेच नोंदवलेले आढळते. नवी चिप घेण्याआधी आपल्या पक्षाची चिप असो की दुसऱ्याची, तेवढी एक नोंद वाचावी. ती कंपनीने स्वतः लिहून दिलेली आहे.