श्वानांच्या श्वसनरोगांचे प्रयोगशाळेतील निदान : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
खोकला, नाकातून स्राव व ताप ही लक्षणे श्वानांच्या अनेक श्वसनरोगांत समान असतात. त्यामुळे केवळ लक्षणांवरून कारण ठरविता येत नाही. मात्र कोणत्या प्राण्याचा नमुना प्रयोगशाळेत पोहोचतो, हे शास्त्राइतकेच समाजाच्या गरजांवरही अवलंबून राहिले आहे. प्रस्तुत लेखात या दृष्टीने श्वानांच्या रोगनिदानाचा मागोवा घेण्यात आला असून अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या संदर्भात त्याचे महत्त्व तपासले आहे.

कारणाचा शोध :
एडवर्ड जेन्नर यांनी १८०९ मध्ये डिस्टेंपर या रोगाचे वर्णन केले. १९०५ मध्ये फ्रान्समधील आँरी कारे यांनी जीवाणू अडविणाऱ्या गाळणीतून पार होणारा घटक हे त्याचे कारण असल्याचे दाखविले. तथापि आजारी श्वानांच्या श्वसनमार्गात आज बोर्डेटेला ब्राँकिसेप्टिका म्हणून ओळखला जाणारा जीवाणू आढळल्याने तोच मूळ कारण असल्याचे मत पुढे आले आणि वाद लांबला. १९२० च्या दशकात लंडनजवळील मिल हिल येथे लेडलॉ व डंकिन यांनी फेरेट या लहान मांसाहारी प्राण्यावर प्रयोग करून विषाणूचे कारण निर्विवाद ठरविले. या संशोधनाचा निधी प्रामुख्याने शिकारी कुत्री पाळणाऱ्या वर्गाकडून आला होता. पुढे १९३३ मध्ये मानवी इन्फ्लुएंझाचा विषाणू याच संस्थेत फेरेटच्याच साहाय्याने वेगळा करण्यात आला.

महाराष्ट्रातील स्थिती :
१८८६ मध्ये मुंबई येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १८८९ मध्ये पुणे येथे इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीची स्थापना झाली. १८९३ मध्ये ती कुमाऊँमधील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. वसाहतकालीन शासनाची गरज शेतीची गुरे व लष्कराचे घोडे ही होती. बुळकांडी, फाशी व सर्रा हे रोग त्यामुळे अग्रक्रमाने अभ्यासले गेले. धनगरांच्या वाड्यावर राखण करणारे कुत्रे या गणतीत नव्हते.

जिल्ह्यातील नवे संदर्भ :
अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या विष्ठेच्या अभ्यासातून (२०१६) त्यांच्या भक्ष्याच्या वजनात सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा असल्याचे दिसून आले. सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत १९७९ मध्ये घोषित झालेल्या माळढोक पक्षी अभयारण्याच्या नान्नज परिसरातील मोकाट कुत्री व खोकड यांच्या रक्ताच्या तपासणीत डिस्टेंपरसह इतर विषाणूंचा संसर्ग होऊन गेल्याचे पुरावे अनिरुद्ध बेलसरे व सहकाऱ्यांना मिळाले (२०१४). गीरमध्ये २०१८ साली २३ सिंहांचा मृत्यू झाला, तेव्हा डिस्टेंपरच्या विषाणूचे निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केले. बिबट्यालाही हा विषाणू बाधू शकतो. म्हणूनच गावातील कुत्र्याचा खोकला हा केवळ त्याच्या मालकाचा प्रश्न राहत नाही.

चाचण्यांच्या मर्यादा :
रक्तातील प्रतिपिंडे संसर्ग किंवा लसीकरण होऊन गेल्याचे सांगतात. आजचा आजार त्याचमुळे आहे, असे एका तपासणीवरून ठरत नाही. पीसीआर चाचणी विषाणूचा जनुकीय अंश शोधते. परंतु नमुना आजाराच्या प्रारंभी घ्यावा व थंड ठेवावा लागतो. जिवंत विषाणूची लस नुकतीच दिली असल्यास तिचा अंशही आढळू शकतो. म्हणून लसीची तारीख नोंदविणे हा तपासणीचाच भाग ठरतो.

निष्कर्ष :
इंग्लंडमध्ये शिकारीच्या छंदाने श्वानाला प्रयोगशाळेत आणले. भारतात गुरे व घोडे यांच्यामागे तो उपेक्षित राहिला. अकोल्यातील पुराव्याने मात्र त्याच्या तपासणीला जिल्ह्याचे स्वतःचे कारण मिळाले आहे. तालुका पातळीवर खोकणाऱ्या श्वानांचे नमुने, लसीकरणाची माहिती व स्थळाची नोंद एकत्र ठेवली गेल्यास पशुवैद्यक, वनविभाग व इतिहासाचे अभ्यासक या तिघांनाही ती उपयुक्त ठरेल.