शिवराई : संग्रह व अभ्यास (बारामती–इंदापूर)

शिवराई : छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून (१६७४) ओळखले जाणारे तांब्याचे नाणे. एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ व कडेने ठिपक्यांचे वर्तुळ, असे त्याचे रूप. सुपे (बारामती तालुका) व इंदापूर हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरीत होते. पुणे प्रांताच्या बाजारपेठांत शिवराई पेशवाईअखेरपर्यंत आणि इंग्रजी अमलातही चालत राहिली.

पाडणूक : पेशवाईत सरकारी परवान्यावर खासगी टांकसाळी चालत. त्यामुळे वजन, अक्षरांचे वळण आणि फूल, तलवार, त्रिशूळ यांसारखी चिन्हे बदलत गेली. ठसा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा असल्याने बहुतेक नाण्यांवर मजकुराचा काही भागच उमटलेला दिसतो. मागील बाजूस मजकुरामध्ये दोन समांतर रेघा असलेली ‘दुदांडी शिवराई’ उत्तरकालीन मानतात. १८३५ मध्ये कंपनी सरकारने एकसारखी नाणी सुरू केल्यावरही खेड्यांतील व्यवहारांतून शिवराई लगेच गेली नाही.

संग्रह : शिवराईवर नाव राजाचे. ती पाडणारा मक्तेदार अनामिक राहतो. म्हणून येथे अक्षरवळण, चिन्ह, वजन आणि मुख्यतः सापडल्याचे ठिकाण हाच पुरावा. कऱ्हा नदीकाठच्या एखाद्या घरात देव्हाऱ्यात पुजलेली शिवराई आणि मोडीच्या ढिगातून किलोवर घेतलेली शिवराई दिसायला सारखीच. पण पहिली त्या गावातील चलनाची साक्ष देऊ शकते, दुसरी देत नाही.

जतन व कायदा : चिंच, लिंबू वा पितांबरीने घासल्यास तांब्यावरचा संरक्षक थर व बारीक अक्षरे जातात. नाणे कोरडे ठेवून कागदी पाकिटावर गाव, घर वा शेत आणि मिळाल्याची तारीख लिहावी. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. पुरावशेष ठरणारी जुनी नाणी परवानगीविना परदेशी नेण्यास १९७२ च्या कायद्याने मनाई आहे. पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळात (स्थापना १९१०) मराठेशाहीची नाणी व कागदपत्रे एकत्र अभ्यासता येतात. गावची नोंद असलेली एक झिजलेली शिवराई अभ्यासकाला ठिकाण हरवलेल्या शंभर स्वच्छ नाण्यांहून अधिक मोलाची आहे.