थेरेमिन : हवेतल्या बोटांचे शिक्षण

लेव्ह टर्मेन या रशियन भौतिकशास्त्रज्ञाने १९२० च्या सुमारास पेट्रोग्राडमध्ये घडवलेले थेरेमिन स्पर्शावाचून वाजते. त्यातील दोन आंदोलकांच्या, म्हणजे विद्युत कंपने निर्माण करणाऱ्या मंडलांच्या, वारंवारतेतील फरक स्वर म्हणून ऐकू येतो. उजवा हात उभ्या अँटेनाजवळ नेला की स्वर चढतो, तर डावा हात आडव्या कड्याजवळ आणला की आवाज क्षीण होतो. १९२९ मध्ये आरसीए कंपनीने हे वाद्य कोणालाही सहज जमेल असे सांगत बाजारात आणले, परंतु जेमतेम पाचशे नग तयार झाले, आणि त्यात नवल नव्हते. ज्या वाद्याला ना पट्टी ना पडदा, त्यावर मींड आपोआप निघते, सुटा, स्थिर स्वर मात्र कानाच्याच भरवशावर शोधावा लागतो.

ही अडचण क्लारा रॉकमोर यांनी ओळखली. हाडांच्या दुखण्यामुळे व्हायोलिन सोडावे लागलेल्या या वादिकेने हवेतील अंगुलिन्यास, म्हणजे मिटलेली बोटे क्रमाने उलगडत ठरावीक स्वरांतरे गाठण्याची पद्धत, विकसित केली. वाजवताना धड जराही हलले तरी स्वर ढळत असल्याने निश्चल उभे राहणे हाही त्या शिक्षणाचाच भाग होता.

२०१४ मध्ये आलेल्या मूग कंपनीच्या थेरेमिनी या डिजिटल रूपात चुकलेला स्वर निवडलेल्या सप्तकाकडे ओढून घेण्याची सोय आहे. नवशिक्याला ती दिलासा देते, पण कान आळशी करण्याचा धोकाही तिच्यात आहे. अर्थात ही दुरुस्ती एका खुंटीने कमी करत शून्यावर आणता येते.