प्रोटॉन-किरणोपचार आणि शरीरदर्शन

कर्करोगावरील किरणोपचाराचा इतिहास लिहिताना यंत्रांची वंशावळ सांगण्याचाच प्रघात पडला आहे. शरीराच्या आतले दिसू कसे लागले, ही हकीकत मागे राहते. प्रोटॉन-उपचारापुरते तरी आम्हांस हे अन्यायाचे वाटते.

क्ष-किरण शरीरातून आरपार जातात व वाटेतील निरोगी पेशींनाही पोळतात. प्रोटॉन ठरावीक खोलीवर थांबतात आणि थांबता थांबता आपल्या शक्तीचा मोठा वाटा तेथेच टाकतात. हा गुण विल्यम ब्रॅग यांनी १९०४ च्या सुमारास आल्फा-कणांत पाहिला होता; प्रोटॉनांचा उपयोग उपचारासाठी करावा, हे रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ साली सुचविले. १९५४ मध्ये बर्कली येथे पहिल्या रोग्यावर तो झाला, तो मस्तकातील पीयूषिका ग्रंथीवर. ही निवड सहेतुक होती. कवटीची हाडे साध्या क्ष-किरण चित्रातही स्पष्ट उमटतात, त्यांच्या खुणेने ग्रंथीचे स्थान ठरविता येते आणि मस्तक जखडून ठेवता येते. श्वासाबरोबर हलणाऱ्या फुप्फुसाच्या बाबतीत यांतले काय साधणार?

ही कोंडी फुटू लागली १९७१ साली, हौन्सफील्ड यांच्या यंत्राने लंडनमध्ये पहिल्या रोग्याच्या मेंदूचे छेदचित्र काढले तेव्हा. छेदचित्रातून ऊतींची घनता अजमावता येते, आणि प्रोटॉन किती खोल जाईल हे मुख्यतः त्या घनतेवर ठरते. २३० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रोटॉन पाण्यात सुमारे ३३ सेंटीमीटर जातो. हाडात तो लवकर थांबतो, हवेने भरलेल्या फुप्फुसात पुष्कळ पुढे जातो. रोगी वाळला, गाठ आटली, आतड्यात वायू धरला, की कालचा हिशेब आज चुकतो. क्ष-किरणांत अशी चूक थोडीफार पचते. येथे पचत नाही. म्हणून उपचाराच्या मंचकावरच चित्र घेऊन रोगी जागेवर आणण्याची शिस्त आली.

भारतात हा उपचार २०१९ साली चेन्नईत सुरू झाला. टाटा स्मारक केंद्राची नवी मुंबईतील खारघर येथील प्रोटॉन-सुविधा ११ मे २०२३ रोजी राष्ट्रार्पण झाली. या संस्थेचे परळचे रुग्णालय १९४१ साली उघडले, तेव्हा काळी नदीच्या खोऱ्यातील, जोयडा तालुक्यातले कुळगी गावही मुंबई प्रांतातच होते. १९५६ साली उत्तर कानडा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. सरहद्द सरकली, अंतर तेवढेच राहिले. हा उपचार बहुधा कित्येक आठवडे चालतो, आठवड्यातून पाच दिवस. कुळगीच्या रोग्याला त्यासाठी खारघरला बिऱ्हाड करावे लागेल, आणि सोबतीला घरातले एक कर्ते माणूसही न्यावे लागेल.